शाळेआधी 'नको' शिकलो

एप्रिल-मे आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. पालकांच्या ग्रुपमधून कुणीतरी नंबर घेतलेला असतो, मुलगा पाच-साडेपाच वर्षांचा, ऑटिझम आहे, जूनमध्ये पहिलीत घालायचाय, "ताई, तुम्ही अनयची तयारी कशी केली? एका जागी बसायला कसं शिकवलं? किती वेळ बसतो आता?" जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न बसण्याचाच असतो. आणि मला त्यात काही चूक वाटत नाही कारण सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा भेटेल त्याला हेच विचारत होते. सध्या दिवाळीची सुट्टी आहे, माझा मुलगा अनय आजीजवळ चकलीच्या पिठाचा वास घेत बसलाय, तेवढ्या वेळात एकदा सगळं नीट लिहून काढते, म्हणजे पुढच्या मे महिन्यात कुणी विचारलं तर हे पाठवता येईल.

आम्ही सातारचे. अनयच्या ऑटिझमचं निदान 2019 च्या फेब्रुवारीत झालं, तेव्हा तो तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. निदान झाल्यावर दोन सल्ले लगेच मिळाले. एक, रोज थेरपी करा आणि शाळेत टाका, मुलांमध्ये राहिला की सुधारेल. दुसरा, घरात एकच भाषा बोला, आणि शाळा इंग्लिश मीडियम असेल तर इंग्लिशच बोला म्हणजे तो गोंधळणार नाही. आम्ही दोन्ही पाळले. माझ्या सासूबाईंना इंग्लिश येत नाही, त्यामुळे त्या माउलीने जवळपास वर्षभर नातवाशी बोलणंच बंद केलं, नुसतं मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायच्या, कारण आपल्या बोलण्याने पोराचं नुकसान होईल ही भीती आम्हीच त्यांच्या मनात घातली होती. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलांच्या भाषेचं नुकसान होतं असं संशोधनात कुठे आढळलेलं नाही, हे मला फार नंतर कळलं. ते वर्ष काही आजी-नातवाला परत मिळालं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

इथल्या एका सेंटरला रोज जायचो. छोटं टेबल, छोटी खुर्ची, समोर चिप्सचे तुकडे केलेली वाटी. सिट डाऊन. हँड्स डाऊन. लुक ॲट मी. केलं की एक तुकडा. सुरुवातीला दोन मिनिटं बसायचा, मग पाच, मग पंधरा, आणि चार महिन्यांत माझा मुलगा चाळीस मिनिटं खुर्चीवर हात मांडीत ठेवून बसायला लागला. मी पेढे वाटले होते. खरंच वाटले होते, अर्धा किलो आणून.

त्याच जूनमध्ये नर्सरीत घातला. तिथल्या मॅडम म्हणायच्या, फार गुणी मुलगा, काही त्रास नाही, जिथे बसवू तिथे बसतो. घरी आला की मात्र दप्तर काढायच्या आधीच सुरू व्हायचं, भिंतीवर डोकं आपटणं, स्वतःच्या मनगटाला चावणं, कधी दीड तास, कधी दोन तास. आम्हाला वाटायचं शाळेत छान राहतो आणि घरी हट्ट करतो, म्हणजे आपलेच लाड जास्त होतायत. मग एकदा दुसऱ्या एका मुलाच्या आईकडून सहज बोलता बोलता कळलं की वर्गातला एक मुलगा रोज अनयचा डबा खातो. किती दिवस? "दसऱ्यापासून तरी असेल." तेव्हा जानेवारी चालू होती. तीन-साडेतीन महिने माझं पोर रोज उपाशी बसून होतं, चड्डीत शू झाली तरी बसून होतं, कुणी ढकललं तरी उठून परत तिथेच बसत होतं, कारण त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, पैसे मोजून, तेवढंच शिकवलं होतं. आणि ज्याने डबा खाल्ला त्या पोराचा तरी काय दोष, तोही चार वर्षांचाच, समोरचा काही म्हणत नाही म्हणजे चालतंय असंच त्याला वाटणार ना.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि शाळा आपोआप बंद झाली.

पुण्यातल्या ताई आम्हाला 2021 मध्ये मिळाल्या. विशेष शिक्षिका आहेत, त्यांना प्रसिद्धी आवडत नाही म्हणून नाव लिहीत नाही. शनिवारी पहाटेची एसटी पकडून खंबाटकी घाट ओलांडून जायचो, मग नोव्हेंबरपासून एसटीचा संप सुरू झाला आणि तो पार एप्रिलपर्यंत चालला, त्यामुळे मधले बरेचसे सेशन व्हिडिओ कॉलवरच झाले. पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं, रंग ओळखतो, वीसपर्यंत आकडे लावतो, चाळीस मिनिटं बसतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो नाही कसं म्हणतो?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, ताई तो बोलत नाही.

"बोलत नाही ते कळलं. त्याला एखादी गोष्ट नको असेल तर तुम्हाला कसं कळतं?"

मी म्हटलं, रडतो, हाताला चावतो.

"म्हणजे म्हणतो की. पण त्याला किती महागात पडतंय बघा." आणि त्यांनी त्याचं मनगट हळूच उलटं करून मला दाखवलं, तिथली कातडी चावून चावून घट्ट आणि काळपट झाली होती, टाचेची असते तशी. मी रोज त्याला आंघोळ घालत होते, रोज ते मनगट बघत होते, आणि ते बोलणं आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हे काही त्या ताईंच्या मनचं नव्हतं. 1985 साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की मुलं ज्याला आपण 'वागणूक बिघडली' म्हणतो ती बहुतेकदा काहीतरी मिळवायला किंवा काहीतरी टाळायला करतात, आणि तेच काम करणारं सोपं वाक्य त्यांना शिकवलं, म्हणजे "मला समजलं नाही" किंवा "मी बरोबर करतोय का", तर मारणं, चावणं, ओरडणं कमी होतं. याला फंक्शनल कम्युनिकेशन ट्रेनिंग म्हणतात, आता जगभर वापरतात. इतकी जुनी आणि इतकी साधी गोष्ट, आणि आमच्या सातारच्या घरापर्यंत पोचायला तिला छत्तीस वर्षं लागली.

तर ताईंनी सांगितलं, बसणं, आकडे, पेन्सिल सगळं बाजूला ठेवा. शाळेत जायच्या आधी याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. नको. बास. मदत कर. बाकी पहिलीत शिकेल, त्यासाठीच शाळा असते.

झेरॉक्सच्या दुकानातून तीन कार्डं लॅमिनेट करून आणली. 'नको'वर लाल रंगाचा उघडा तळहात, खाली मोठ्या अक्षरात मराठीत नको. मराठीतच, कारण शाळेतल्या मुलांना आणि आजीला कळलं पाहिजे. मागे वेल्क्रो लावून कमरेच्या पट्ट्याला अडकवली. पहिल्यांदा शिकवायला ताईंनी असा पदार्थ निवडायला सांगितला की जो त्याला अजिबात आवडत नाही. आमच्याकडे पालकाची पातळ भाजी. सासूबाई पळीत भाजी घेऊन त्याच्या ताटाकडे हात न्यायच्या, मी मागे बसून त्याचा हात धरून कार्ड उचलून पुढे करायचे, आणि कार्ड दिसताक्षणी सासूबाईंनी हात मागे घ्यायचा आणि म्हणायचं, "नको? बरं." एवढंच. दिवसातून आठ-दहा वेळा. चौथ्या दिवशी रात्री मी मागे बसायच्या आतच सासूबाईंनी सवयीने पळी उचलली आणि अनयने स्वतःच्या हाताने कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात धरलं. पळी तशीच हवेत. भाजीचा थेंब ताटाच्या कडेवर पडला. "नको? बरं हो बाळा, नको तर नको," म्हणत सासूबाईंनी पळी पातेल्यात ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. वर्षभर त्याच्याशी न बोललेली आजी, आणि त्याने पहिलं उत्तर दिलं ते तिला.

पुढचे दोन आठवडे अवघड गेले, ते पण सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल कार्ड दिलं की झालं. त्याने सगळ्यालाच नको म्हणायला सुरुवात केली. आंघोळ नको, चप्पल नको, केस विंचरणं नको, बाबांनी उचलणं नको. मिस्टर वैतागले, म्हणाले आता हा शाळेत जाऊन बाईंना पण नको म्हणणार. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सहा वर्षांचं साठलेलं आहे, येऊ दे बाहेर. आणि एक नियम सांगितला जो मला सगळ्यात उपयोगी पडला. ज्याला नको म्हटलेलं चालणार नाही ते विचारूच नका. औषध घ्यायचंच आहे, रस्ता ओलांडताना हात धरायचाच आहे, तिथे "घेतोस का?" असं म्हणायचं नाही, तिथे आधी-मग चा बोर्ड दाखवायचा, आधी औषध, मग झोका. आणि जिथे जिथे नको चालू शकतं तिथे मात्र शंभर टक्के ऐकायचं, एकदाही मोडायचं नाही, पाहुणे आले तरी, मावशीला पापी नको म्हणाला तरी. महिन्याभरात नको आपोआप कमी झाले. म्हणजे माझ्या अंदाजाने त्याला खात्री पटली की हे चालतं, मग सारखं वापरून बघायची गरज राहिली नाही. डोकं आपटणं पूर्ण बंद नाही झालं, पण दोन तासांचं वीस मिनिटांवर आलं. आणि मनगटावर हळूहळू नवी कातडी आली.

मग खरी शाळेची तयारी. दोन शाळांनी नाही म्हणून सांगितलं, दोन्हीकडे वाक्य एकच, आमच्याकडे ट्रेंड स्टाफ नाही, तुमच्याच मुलाचे हाल होतील. इथे एक गोष्ट सगळ्या पालकांनी पाठ करून ठेवा. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता, पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ज्या 21 प्रकारांची यादी आहे त्यात तो आहे, आणि त्याच कायद्याचं सोळावं कलम सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची. सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क एकतिसाव्या कलमात आहे, त्याला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मी कलम छापून फाईलला लावून घेऊन फिरायचे. पण खरं सांगू का, जिथे कलम दाखवून प्रवेश घ्यावा लागेल तिथे लेकराला सोडायचा मला धीर झाला नाही. तिसरी शाळा मराठी माध्यमाची, घरापासून चालत सात मिनिटं. पहिलीच्या बाईंना मी फाईल उघडून दाखवायला लागले तर त्या म्हणाल्या, "फाईल मी घरी वाचते, आत्ता मला एवढंच सांगा, त्याला काय काय आवडत नाही?" मी खुर्चीतच सैल झाले. तिथेच नाव घातलं.

बाईंना यादी दिली. कर्कश आवाज, ओला कपडा, डोक्यावर हात ठेवणं, आणि अनोळखी संडास. शिपाई मामांनी मे महिन्यात शाळा उघडून दिली, रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही रिकाम्या शाळेत जायचो. संडासाला सर्वात जास्त दिवस लागले. घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचं, वर नळ नाही, बादली आणि मग. पहिले चार दिवस नुसतं दारापर्यंत, मग आत उभं राहणं, मग घरचाच निळा मग सोबत नेणं. तो निळा मग नंतर दोन वर्षं शाळेत होता. शाळेची घंटा मी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली आणि जेवताना अगदी बारीक आवाजात लावायचे, रोज थोडी मोठी. युनिफॉर्मचं कापड कडक असतं, ते बारा-पंधरा वेळा धुतलं, मानेमागचं लेबल उसवलं. बाहेरून बघणाऱ्याला हे चोचले वाटतात. पण 2013 पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच हे संवेदनांचं वेगळेपण धरलेलं आहे, ज्याला आपण नुसता आवाज म्हणतो तो याला दुखतो, आणि दुखणाऱ्या जागी बसून कोण ग म भ न गिरवेल?

शाळेचे फोटो काढून एक छोटी वही केली. हे गेट. हा वर्ग. हा अनयचा बाक. ही बाई. घंटा झाली की घरी. महिनाभर रोज रात्री वाचली, त्याला पानं पाठ झाली होती.

आणि 15 जूनला गेटवरच सगळं कोसळलं.

चूक माझी होती. माझ्या वहीतली शाळा मे महिन्यातली, रिकामी, शांत. आणि 15 जूनला असतो प्रवेशोत्सव. गेटला फुगे, आंब्याची तोरणं, जमिनीवर रांगोळी, स्पीकर, मोठी मुलं ढोल-लेझीम घेऊन उभी, कुणी गुलाबाचं फूल देतंय, कुणी टोपी घालतंय, पाहुणे पुस्तकं वाटतायत. पहिलीच्या मुलांसाठी हौसेने केलेला सोहळा, बाकीची पोरं खूश होती. अनयने फोटोतलं गेट शोधलं, त्याला ते सापडेना, कारण ते फुग्यांखाली झाकलं होतं. त्याने नको काढलं. ढोलवाल्या मुलांना दाखवलं, ज्यांनी टोपी पुढे केली होती त्या पाहुण्यांना दाखवलं, कुणाला काय कळणार. तिसऱ्यांदा दाखवून झाल्यावर तो तिथेच रांगोळीवर आडवा झाला आणि कान दाबून ओरडायला लागला. मी त्याला उचलून घरी आणलं. दोघांच्याही कपड्यांना रांगोळीचे रंग लागले होते, ते धुताना मी खूप रडले. रडण्याचं कारण तो ओरडला हे नव्हतं. त्याने तीनदा नीट, शांतपणे सांगितलं होतं, आणि आपण त्याला शब्द दिला होता की हे दाखवलं की ऐकतात.

संध्याकाळी बाई स्वतः घरी आल्या. चहा घेतला, अनयच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आज आमचं चुकलं. तू नको म्हणालास ना?" मग मला म्हणाल्या, "आपण त्याची शाळा शेवटापासून सुरू करूया." मला पुण्याच्या ताईंनी शर्टाची बटणं अशीच शिकवली होती, शेवटचं बटण आधी, मग त्याच्या वरचं. पण शाळाही अशी सुरू करता येते हे मला कधी सुचलं नसतं. पहिल्या आठवड्यात अनय फक्त शेवटची वीस मिनिटं गेला. पोचायचा, बाकावर बसायचा, गोष्ट चालू असायची, घंटा व्हायची आणि सगळ्यांबरोबर घरी. म्हणजे शाळेबद्दल त्याने पहिली गोष्ट शिकली ती ही की ती संपते. पुढच्या आठवड्यात पाऊण तास. मग मधल्या सुट्टीनंतरचा सगळा वेळ. मग खिचडीच्या वासाला सरावला, आणि मधली सुट्टी पण आत आली. परिपाठ सर्वात शेवटी, कारण तिथे माइक. दिवाळीनंतर तो सगळ्यांबरोबर सकाळी जायला लागला. कुणी सांगेल साडेचार महिने वाया गेले. मला तसं वाटत नाही, त्या साडेचार महिन्यांत तो एकदाही जमिनीवर आडवा झाला नाही.

बाईंनी आणखी एक केलं. अनयच्या कार्डासारखंच एक मोठं कार्ड करून वर्गाच्या भिंतीवर सगळ्यांसाठी लावलं. मुलांना एवढंच सांगितलं, हे दाखवलं की समोरच्याने थांबायचं, कारण विचारायचं नाही. ऑगस्टमध्ये मी न्यायला गेले तर दोन वेण्यांची एक मुलगी भिंतीवरचं कार्ड काढून वेणी ओढणाऱ्या पोराच्या नाकासमोर धरून उभी होती, आणि तो थांबला होता. डेमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 2012 साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे अर्धंच, इतरांनाही त्याचं कळत नाही, अडचण दोन्ही बाजूंनी आहे. मी ते वाचलं तेव्हा मला ती वेण्यांची मुलगीच आठवली.

सगळं गोड झालं असं नाही. बाईंची बदली झाली. तिसरीला नवीन शिक्षक आले, त्यांना कार्ड म्हणजे उद्धटपणा वाटायचा, मुलाने शिक्षकाला नको म्हणायचं म्हणजे काय. दोन महिने कार्ड त्यांच्या टेबलाच्या खणात होतं आणि त्या दोन महिन्यांत मनगट परत लाल झालं. मी मनगटाचे तारखेवार फोटो दाखवले, भांडले नाही, फक्त दाखवले. मग ठरलं की अभ्यासाला नको दाखवलं तर पाच मिनिटं व्हरांड्यात बसून परत यायचं, आणि कुणी अंगाला हात लावला तर मात्र नको म्हणजे नकोच. हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं, त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. पण ते दोन महिने कसे गेले ते मी विसरणार नाही.

आता चौथीत आहे. वाचतो, टॅबवर शब्द दाबून बोलतो, तोंडाने मोजके शब्द येतात आणि त्यातला सर्वात स्पष्ट शब्द कोणता असेल हे तुम्हाला कळलंच असेल. आजही चाळीस मिनिटं सलग बसत नाही. बारा-पंधरा मिनिटांनी उठतो, खिडकीपर्यंत जाऊन येतो, परत बसतो, आणि वर्गात त्याचं आता कुणाला काही वाटत नाही.

या लेखाबरोबर त्याचा एक फोटो टाकायचा होता, पहिलीतला, कमरेला तिन्ही कार्डं लावलेली आहेत आणि हातात निळा मग. मगाशी त्याला फोनवर दाखवला आणि विचारलं, हा सगळ्यांना दाखवू? त्याने बराच वेळ बघितला, दोन बोटांनी मोठा केला, मगवर बोट ठेवलं. मग फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "नको."

बरं.